विहिरीकाठचे पंधरा गुंठे

“ही सही तुझीच ना रे, कानिफ? एवढंच सांग मला!”

बनुबाईनं हातातला कागद भावापुढं धरला. ओसरीवर बसलेल्या कानिफनाथानं मान वर केली नाही. आत बाजरी पाखडणारी त्याची बायको पुष्पावती सूप थांबवून ऐकत राहिली.

“सही माझीच हाय, आक्का. पण कायदा तुझ्या बाजूनं न्हाई. वकील म्हणतोय.”

वकील म्हणतोय!... ज्याला तिनं बोट धरून चालायला शिकवलं, तो आज परक्याच्या तोंडानं बोलत होता!

एकोणिसाव्या वर्षी विधवा होऊन बनुबाई सोनईला माहेरी परतली, तेव्हा आईविना पोरका कानिफ चार वर्षांचा होता. त्याला पोटाशी धरलं आणि पुन्हा संसार थाटायचा विचारही तिनं मनाला शिवू दिला नाही. वडील गेले, तेव्हा तलाठ्यापुढं उभं राहून तिनं आपला लेकीचा हिस्सा भावाच्या नावे सोडला. मळ्यात विहीर खोदायची निघाली, तेव्हा नवऱ्याची एकुलती आठवण, हातातल्या पाटल्या, तिनं उतरवून दिल्या. त्या दिवशी कानिफनाथानं आपणहून लिहून दिलं होतं, की पाटल्यांच्या बदल्यात विहिरीकाठचे पंधरा गुंठे आक्काला विकत देईन, खरेदीखत करून देईन. विहिरीला पाणी लागलं, ऊस उभा राहिला... आणि दिलेला शब्द मात्र करपून गेला!

अखेर गावच्या तीन पंचांपुढं वाद गेला. निवाडा मान्य करू, असं दोघांनी आधीच लिहून दिलं होतं. पंचांनी एकमुखानं सांगितलं, “कानिफ, बहिणीला खरेदीखत करून दे.” त्यानं ऐकलं नाही, म्हणून तो निवाडा नगरच्या कोर्टात मंजुरीसाठी गेला.

एकाहत्तरच्या उन्हाळ्यात निकाल लागला. न्यायाधीश वयस्कर होते. निकालाचा कागद बाजूला ठेवून ते थेट तिच्याशी बोलले.

“बाई, पंचांनी नीतीला धरूनच सांगितलं. पण शेतीचे लहान लहान तुकडे पडू नयेत म्हणून कायद्यानं अशा विक्रीला बंदी केली आहे. तो कायदा तुम्हा दोघांपुरता नाही, साऱ्या समाजाच्या हितासाठी आहे. जे कायद्यानं वर्ज्य, ते दोघांच्या संमतीनंही पंचांना करायला लावता येत नाही. हा निवाडा मी रद्द करतो.”

बाहेर लिंबाखाली तिच्या वकिलांनी दुसरी वाट दाखवली. “भावानं फसवून हिस्सा सोडायला लावला, असा दावा लावू. निम्मी जमीन मिळेल तुम्हाला!”

“म्हंजे भर कोर्टात त्याला लबाड म्हनायचं?”

“तसं म्हणावंच लागेल.”

“मग नगं, साहेब,” ती म्हणाली. “पंचांपुढं वढला त्याला, त्येच लई झालं माझ्या हातनं...”

सोनईला ती परतली ती फक्त लुगड्याचं गाठोडं घ्यायला. राहुरीच्या कृषी विद्यापीठात बाया खुरपणीला लागत. तिथं ती दुसऱ्यांच्या वाफ्यांतलं तण काढू लागली. दोन वर्षं गेली. गावाकडून कुणी आलं की ती आधी विचारी, “आमचा कानिफ बरा हाय ना?” आणि उत्तर ऐकायच्या आतच तोंड फिरवी.

एके दुपारी बांधावर कुणीतरी येऊन उभं राहिलं. खुरपं थबकलं... कानिफनाथ! कानशिलावर केस पिकलेले, डोळे लाल.

“आक्का, नगरला तुझं वकील भेटलं. तू दावा का लावला न्हाईस, त्ये समदं सांगितलं त्यांनी मला...” तो तिथंच मातीत बसला. “कायद्यानं पंचांचं हात बांधलं व्हतं गं! माझं कुनी बांधलं व्हतं? तुकडा देता येत न्हाई, तर सबंध मळा देता आला असता की मला! इहिरीसकट मळ्याचं बक्षीसपत्र करतो. मला माळावरची जमीन बास हाय. न्हाई म्हनू नगंस...”

'नको रे, तुझं तुला राहू दे', हे शब्द सवयीनं तिच्या ओठांवर आले. पण ती थांबली. या दोन वर्षांत एकटेपणानं तिला जे कळलं होतं, ते उच्चारताना तिचे डोळे घळघळा वाहू लागले.

“घेते, कानिफ. आजवर मी नुसती सोडीतच आले... बहिनीनं समदंच सोडलं की भावाला घ्यायाची सवय लागती रं! तू चुकलास, पन तुला तसं घडवलं मीच. आता घेते.”

त्यानं तिच्या पायांवर डोकं ठेवलं. पंधरा गुंठ्यांपायी गेलेली दोन वर्षं मात्र दोघांपैकी कुणालाच परत करता येणार नव्हती.

आठवड्यानं दोघं नेवाशाला रजिस्टर कचेरीत गेले. कारकुनानं टाक शाईत बुडवून विचारलं, “या बाई तुमच्या कोण?”

“थोरली बहीन. आईमागं तिनंच वाढवलं मला. माझ्यासाठी दुसरा संसार केला न्हाई. तसं लिवा, साहेब...”

“अहो, तेवढी जागा नाही इथं. नुसतं 'बहीण' लिहितो.”

बनुबाईनं पदरानं डोळे टिपले आणि अंगठ्याला शाई लावून घेत ती हळूच म्हणाली, “लिवा, साहेब. तेवढं पुरं हाय.”