धरून ठेवलेली जागा

ओजस, चहा आणायला जातोस तर जा, पण खुर्चीवरचा तो रुमाल आधी उचल. हसू नकोस रे. मंडपात आपण पाच टाळकी आणि एक गणपती, तुझी खुर्ची पळवणार कोण? घाल खिशात... हं. आता चहा राहू दे, बस इथेच. रात्र जागवायचीच आहे, तर तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकिशोर सबनीसचं काय झालं ते सांगतो. तुम्हाला सगळ्यांना 'हार्ट' एवढंच माहीत आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. सोळा नोव्हेंबर, शनिवार, रात्रीचे अकरा वीस. नंदू खोकल्याचं औषध आणायला खाली उतरला. काम एवढंसं. स्टेशनाजवळ एक मेडिकल रात्रभर उघडं असतं. रिक्षाने जायचं, बाटली घ्यायची, त्याच रिक्षाने परत यायचं. वर वसुधावहिनी झोपल्या होत्या. निघताना त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली होती, पण बायकोला कोंडून जायची वेळ त्याच्यावर पहिल्यांदाच आली होती.

कशामुळे आली, ते आधी सांगतो.

दिवाळीच्या सुट्टीत दोघं टूरने तुर्कस्तानला गेले होते. शेवटचे चार दिवस अंतालियाला, समुद्रकाठच्या हॉटेलात. मनगटाला एक पट्टी बांधतात, मग दिवसभर खा, प्या, लोळा, कोणी विचारत नाही. वहिनींचे गुडघे धड नव्हते आणि ऊन तर मुळीच सोसत नव्हतं. त्या चारही दिवस खोलीच्या गॅलरीत पुस्तक घेऊन बसल्या. समुद्रावर जायचा तो एकटा नंदू.

तिथे पाण्याकडे तोंड करून पांढऱ्या आरामखुर्च्यांच्या रांगा मांडलेल्या असतात. गोरे लोक पहाटे उठून त्यांच्यावर टॉवेल टाकून जातात आणि पुन्हा झोपतात. हे पाहून नंदूला माहेरी आल्यासारखं वाटलं. हा माणूस लग्नाची पंगत म्हणू नका, व्याख्यानमाला म्हणू नका, एसटी म्हणू नका, खिडकीतून हात घालून रुमाल टाकणारा. नेहमी दोन रुमाल. एक स्वतःसाठी, एक वहिनींसाठी. वहिनी मागून सावकाश यायच्या आणि त्यांची जागा धरलेली असायची. चौतीस वर्षांत त्या माणसाने बायकोला एकदाही उभं राहू दिलं नाही. लॉन्ड्रीत अदलाबदल होऊ नये म्हणून त्या रुमालांच्या कोपऱ्यात वहिनी लाल दोऱ्याची फुली घालायच्या. त्यांचं प्रेम म्हणजे एवढंच, पण पक्कं.

तर पहिल्या दिवशी पहाटे सहाला नंदूने रांगेतल्या अगदी शेवटच्या, पाण्याजवळच्या दोन खुर्च्यांवर दोन रुमाल टाकले. खुर्च्या सांभाळणारा एक म्हातारा होता. त्याने रिकाम्या खुर्चीकडे बोट केलं. "मॅडम?"

"कमिंग, कमिंग," नंदू म्हणाला.

आपण नाही का सांगत, माणूस येतंय म्हणून? तसंच. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी शेजारच्या खुर्चीवरचा रुमाल ओला लागला. लाट उडाली असेल, असं त्याला वाटलं. पण लाटा त्या दिवशी नव्हत्याच.

चौथ्या दिवशी तिथला सीझन संपला. दुपारी म्हाताऱ्याने सगळ्या खुर्च्या उचलून एकावर एक रचल्या. अख्ख्या किनाऱ्यावर उरल्या त्या दोनच. नंदू सामान बसमध्ये ठेवून रुमाल घ्यायला आला, तर दुसरी खुर्ची मधोमध दबलेली. कोणी नुकतंच उठून गेलं असावं तशी. खाली पाणी ठिबकत होतं.

म्हातारा मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, चार दिवस तू 'येतेय, येतेय' सांगतोयस. पाण्यातले ऐकतात. तू बायकोची जागा धरलीस, आता ते तिला न्यायला येतील. रुमाल उचल आणि मोठ्याने सांग, ती येणार नाही म्हणून.

नंदूने स्वतःचा रुमाल उचलला. दुसऱ्याला हात लावायचा त्याला धीर झाला नाही. थंडगार होता, आणि जड. तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. तो निघून आला. सांगायचंही राहिलं.

पार्ल्याला परतल्यावर तिसऱ्या रात्री वहिनींना खोकला सुरू झाला. घशात खारट येतं म्हणायच्या. चौथ्या रात्री त्या झोपेत बोलल्या, "आले हं, आले." नंदूने हाक मारली की घरात त्या नेहमी द्यायच्या तशीच ओ. त्याने मात्र हाक मारली नव्हती. पाचव्या रात्री त्या बेडरूमच्या दारात उभ्या दिसल्या, डोळे मिटलेले. सहाव्या रात्री बाहेरच्या दाराची कडी काढत होत्या. डॉक्टर म्हणाले, झोपेत चालतात काही जण, लक्ष ठेवा. सातवी रात्र ती शनिवारची. म्हणून ते कुलूप.

मेडिकलपाशी नंदू उतरला. रिक्षा दुसऱ्या कोणी पकडू नये म्हणून सीटवर त्याने... काय टाकलं असेल? हो. सवय माणसाला विचारत नाही, सई. हात आपोआप खिशात गेला.

बाटली घेऊन दोन मिनिटांत परत आला. रुमाल उचलून बसला. "चलो."

रिक्षावाल्याने मीटर चालू ठेवलं होतं. पण रिक्षा हलेना.

"क्या हुआ?"

"मॅडम को बोलो ना, पैर अंदर लें."

"कौन मॅडम?"

रिक्षावाला आरशात बघत होता. नंदूच्या शेजारी. मग त्याने मान वळवली. सीटकडे पाहिलं... नंदूकडे पाहिलं... आणि गिअर टाकला.

नंदूने शेजारी बघितलं नाही. नुसता हात टेकवला. रेक्झिन ओलं होतं.

रस्ता मोकळा. दुकानं बंद. वास समुद्राचा. जुहू तिथून किती लांब, तुम्हाला माहीत आहे. आणि हा वास जुहूचा नव्हता.

हातातला रुमाल भिजत चालला होता. मनगटावरून पाणी कोपरापर्यंत आलं.

तो हळूच म्हणाला, "ती येणार नाही."

काही नाही.

"ती येणार नाही. ऐकलंत?"

काही नाही... फक्त शेजारची सीट थोडी आणखी दबली. त्याच्या बाजूला सरकल्यासारखी.

मग नंदूला कळलं की नुसतं नाही म्हणून भागणार नाही. जागा धरली आहे ना, मग माणूस द्यायला हवा. भीती वाटली त्याला. मला सांगताना त्याचा आवाज फुटत होता, सांगितलंच पाहिजे. पण त्याने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि म्हणाला,

"तिच्याऐवजी मी येतो."

सीट वर आली.

बिल्डिंगपाशी सोडून, पैसे न घेताच रिक्षावाला निघून गेला. नंदू जिने चढला. कुलूप होतं तसंच होतं. दार उघडलं तर आत, दाराला कपाळ लावून, वहिनी उभ्या. गाऊन गुडघ्यापर्यंत ओला. त्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "अहो, मी इथे काय करतेय?"

त्या रात्रीपासून खोकला थांबला. झोपेतलं चालणंही थांबलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदूने मला खाली या बाकावर बसवून सगळं सांगितलं. वहिनींना कळू द्यायचं नाही, अशी शपथ घातली. मी म्हटलं, अरे, आजारपणाचं टेन्शन रे, दुसरं काय. तो हसला. म्हणाला, "शरद, तिकडचा सीझन एप्रिलला सुरू होतो. तोपर्यंत काही बोलावणार नाहीत." आणि हिवाळाभर तो इतका मजेत राहिला की मला त्याचा राग यायचा. वहिनींना घेऊन नाटकं काय पाहिली, मनोरीला जाऊन मासे काय खाल्ले.

एप्रिलच्या अकरा तारखेला पहाटे झोपेतच गेला. डॉक्टरांनी हार्ट लिहिलं. न्यायच्या आधी वहिनींनी त्या जोडीतला उरलेला रुमाल इस्त्री करून त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला. मी शेजारीच उभा होतो, मी पाहिलं. तो रुमाल त्याच्याबरोबरच चितेवर गेला.

मे महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची अस्मिता टूरने तिकडेच गेली. सोसायटीच्या ग्रुपवर तिने पन्नासेक फोटो टाकले. संध्याकाळी मला वहिनींचा फोन आला. "शरदभावोजी, जरा वर येता?"

त्या फोन घेऊन खिडकीशी बसल्या होत्या. फोटो किनाऱ्याचा. पुढे अस्मिता, मागे पांढऱ्या खुर्च्यांची रांग. वहिनींनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. अगदी शेवटच्या, पाण्याजवळच्या दोन खुर्च्या. दोन्हींवर रुमाल. कोपऱ्यात लाल दोऱ्याची फुली.

"दुसरा तर हे तिथेच विसरून आले होते, ते मला माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "पण हा पहिला... हा तर मी खिशात ठेवला होता ना?"

मी वाकून पाहिलं. पहिली खुर्ची मधोमध दबलेली होती आणि तिच्याखालची वाळू ओली होती. दुसरी खुर्ची कोरडी होती. रिकामी. रुमाल तिच्यावर नीट, चारी कोपरे सरळ करून पसरलेला. नंदू पसरायचा तसा.

मी म्हटलं, "वहिनी, हा फोटो डिलीट करा."

त्यांना ऐकू गेलं नसावं. त्या खिडकीबाहेर बघत होत्या. कोणी खालून हाक मारावी तशी त्यांनी मान किंचित कलती केली, आणि हळूच म्हणाल्या,

"आले हं... आले."

या वेळी त्या जाग्या होत्या.