बोटांनी घेतलेलं नाव

या, असे जवळ सरकून बसा. मागच्यांनीही पुढं या, सतरंजी पुष्कळ मोठी आहे. नामाचा महिमा आपण टाळ-मृदंगाच्या गजरात किती ऐकलाय. आज मात्र अशा एका नावाची गोष्ट ऐका, जे जिभेवर आलंच नाही आणि तरी घेणारीचं काळीज तुडुंब भरून गेलं. गोष्ट प्रेमाची आहे. लाजू नका, देवालाही ती चालते.

तर वर्षाली. चऱ्होलीच्या दत्तोबा पखवाजींची धाकटी लेक. इलेक्ट्रॉनिक्सच्या शेवटच्या वर्षाला होती आणि चाकणमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत तिला इंटर्नशिप मिळाली होती. पहिल्याच दिवशी उशीर. कांद्याच्या बाजारापाशी ट्रकांची रांग, वाऱ्यावर भिरभिरणारी गुलाबी सालं, आणि कंपनीच्या गल्लीत मधोमध, पाठमोरा, निवांत चाललेला एक उंच मुलगा. वर्षालीनं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग अंगठा हॉर्नवर रोवूनच धरला. तो ढिम्म.

शेवटी तिनं स्कूटर पुढं काढून त्याच्या वाटेत आडवी घातली.

"रस्ता काय आंदण मिळालाय का? का कानात बोळे घातलेत? कामाला निघालात का बागेत फिरायला?"

तो तिच्या ओठांकडे टक लावून बघत राहिला. आणि हसला. उजव्या भुवईत जुनी खोक होती, हसताना ती अलगद वर चढली. मग त्यानं खिशातून फोन काढला, काहीतरी टाइप केलं आणि तिच्यापुढं धरलं—

"मला ऐकू येत नाही. पण तुम्ही रागावता छान. मधले दोन शब्द सुटले, परत रागावता का?"

वर्षालीचा हात स्कूटरच्या किल्लीकडे गेला. सॉरी म्हणावं की पळावं…? तोवर फोन पुन्हा पुढं आला.

"केसात कांद्याचं साल आहे. डावीकडे."

हा धम्मरत्न. थेरगावच्या कस्तुराबाईंचा मुलगा. लहानपणी तापात कान गेले, पण डोकं असं की रोबोचा प्रोग्रॅम नुसता बघून कुठं अडतंय ते सांगायचा. मेकॅट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेला, आणि कंपनीनं बसवला होता पॅकिंगला, खोक्यांना टेप लावायला.

कारण होते यशवंतराव, कंपनीचे सुरक्षा अधिकारी. माणूस वाईट नाही, पण नियमाला पक्का. "रोबो लाइनवर सारखी फोर्कलिफ्टची ये-जा," ते म्हणायचे. "मागून गाडी आली तर ह्याला कळणार कसं? उद्या काही झालं तर ह्याच्या आईला तोंड कुठलं दाखवू?" लाइनवरची एक जागा महिनाअखेरीला भरायची होती. तोवर उपाय निघाला तर ठीक. नाहीतर ती जागा दुसऱ्याला आणि धम्मरत्न खोक्यांतच.

वर्षालीला हे कँटीनमध्ये कळलं आणि तिचा घास हातातच राहिला. "मी करते उपाय," ती म्हणाली. "माझ्या प्रोजेक्टला विषय हवाच होता. तुमच्यासाठी असं काहीतरी बनवते की यशवंतराव गप्पच बसतील."

त्यानं टाइप केलं, "त्यांना गप्प नका करू. मोठ्यानं बोलले तरी मला कळत नाहीत. ओठ सगळे मिशांखाली." तिला ठसका लागला. त्यानं पाण्याचा ग्लास पुढं सरकवला, अन् आणखी एक ओळ. "आणि माझ्यासाठी नको. माझ्याबरोबर बनवा."

ती "हो हो" म्हणाली. पण उत्साह असा की विचारायचं राहूनच गेलं. चार दिवसांत पट्टा तयार. कमरेला बांधायचा. त्याला बारीक माइक, आणि फोन थरथरतो तशा थरथरणाऱ्या चकत्या, डावीकडे, उजवीकडे, पाठीशी. हॉर्न वाजला की त्या बाजूची चकती थरथरणार. घरी दत्तोबांच्या पखवाजावर झकास चालला. कंपनीत धम्मरत्ननं बांधला आणि तो गुदगुल्या झाल्यासारखा नाचायलाच लागला. प्रेसचा दणका, हवेच्या पाइपाची फुसफूस, कोणाची हाक… पट्टा सगळ्यालाच थरथरे. वीस टाळकरी एकदम सुटल्यावर बुवांचा अभंग कुठला ऐकू यायला?

फोर्कलिफ्टवाला समाधान हसून हसून स्टिअरिंगवर आडवा झाला. "ताई, ह्याला लग्नाच्या वरातीत पाठवा."

वर्षालीचे डोळे भरून आले. धम्मरत्ननं पट्टा सोडला, तिच्यासमोर बसला.

"तुम्ही मला हॉर्न ऐकवायला निघालात," त्यानं लिहिलं. "हॉर्न तुमच्या कामाचा. मला गाडी कुठं आहे तेवढं कळलं तरी बास."

तिनं वाचलं. परत वाचलं. माझ्याबरोबर बनवा म्हणाला होता, ते आत्ता तिला ऐकू आलं.

"गाडीलाच बोलू दे," ती पुटपुटली. "गाडीवर एक डबी बसवू. ती सिग्नल देईल आणि पट्टा फक्त तेवढाच पकडेल. आवाजाचा संबंधच नको…"

भुवईतली खोक वर चढली.

मग काय विचारता. जेवणाची सुट्टी, चहाची सुट्टी, दोघं एका टेबलावर, मध्ये तारा आणि सोल्डरिंगचा वास. टाइप करायला हात मोकळे नसायचे, म्हणून वर्षाली खुणांची भाषा शिकायला लागली. एकदा 'पाणी' मागायला गेली आणि भलतंच काही मागून बसली. तो पोट धरून हसला, मग त्यानं तिची करंगळी हलकेच सरळ केली. तेवढी एक करंगळी चऱ्होलीला पोचेपर्यंत गरम होती.

त्याच्या मित्रांत प्रत्येकाचं खुणेचं नाव होतं. धम्मरत्नचं नाव म्हणजे दोन बोटं भुवईवर टेकवायची, झालं. अहो-जाहो कधी गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही.

"आणि माझं नाव?" एक दिवस तिनं हातांनी विचारलं.

"मागायचं नसतं," त्याचे हात म्हणाले. "आम्हाला कोणी आपलं वाटलं की आम्ही देतो."

"मग… अजून नाही वाटले?"

"विचार चालू आहे." चेहरा अगदी यशवंतरावांसारखा गंभीर.

"कर हो विचार. सावकाश कर," ती तोंडानं म्हणाली आणि उगाचच एक चांगली तार कापून बसली.

चाचणीचा दिवस उजाडला. यशवंतरावांनी अट घातली: धम्मरत्ननं भिंतीकडे तोंड करून उभं राहायचं, गाडी ज्या बाजूनं येईल तो हात वर करायचा, पाठीकडून आली तर दोन्ही. एक चूक झाली तरी विषय संपला. दोन्ही फोर्कलिफ्टवर डब्या बसल्या होत्या, पण चाचणी फक्त समाधानच्या गाडीची. बुवा चाल उंच नेतात आणि सगळा मंडप श्वास धरतो, तसं शेड गप्प झालं.

समाधान डावीकडून आला. डावा हात वर. पाठीकडून आला. दोन्ही हात वर. वर्षालीनं ओढणीचं टोक मुठीत चुरगाळलं होतं. यशवंतरावांनी समाधानला बोटानं खुणावलं, आता उजवीकडून ये.

समाधान उजवीकडून निघाला, आणि धम्मरत्ननं डावा हात वर केला.

कोणीतरी च्च केलं. मग उजवा हातही वर गेला, पण यशवंतरावांनी तोवर मान हलवली होती. "चुकला. पोरी, मी आधीच…"

धम्मरत्न गर्रकन वळला. धावत येऊन त्यानं यशवंतरावांचा दंड धरला आणि त्यांना मागं ओढलं. त्याच क्षणी डावीकडच्या रॅकआडून दुसरी फोर्कलिफ्ट बाहेर आली, डोक्यापर्यंत माल लादलेली, आणि यशवंतराव उभे होते तिथंच येऊन थांबली. चालवणाऱ्याला समोरचं काही दिसत नव्हतं.

"हॉर्न का नाही दिलास?" समाधान ओरडला.

"अरे, चाचणी चालू आहे म्हटलं. गोंगाट कशाला…"

यशवंतरावांनी त्या मालावर हात ठेवून बघितला. मग वर्षालीला म्हणाले, "मला ऐकू येतं, तरी मला कळलं नाही. त्याला कळलं." घसा खाकरला. "सोमवारपासून तो रोबो लाइनवर. आणि एक पट्टा मला पण बनव. पोटाचा घेर मोठा धर."

सोमवारी यशवंतराव मिशा बारीक कातरून आले. बायकोही हसली म्हणे. पण धम्मरत्नसमोर उभे राहून ते सावकाश म्हणाले, "आता कळतंय का मी काय बोलतो?" आणि त्यानं मान डोलावली.

त्या दुपारी कँटीनमागं, कांद्याच्या सालांचा वारा सुटलेला असताना, धम्मरत्ननं वर्षालीला थांबवलं. मूठ वळली, अंगठा पुढं केला, दाबला. हॉर्न दाबतात तसा. मग तोच अंगठा स्वतःच्या छातीवर टेकवला.

"हे काय?"

"तुझं नाव."

"हॉर्न?" तिनं कमरेवर हात ठेवले. "जन्मभर मला हॉर्न म्हणणार?"

त्याचे हात सावकाश बोलले, एकही खूण सुटू नये असे. "आयुष्यात मला ऐकू आलेला तेवढा एकच."

वर्षालीनं मूठ वळली, अंगठा दाबला आणि आपल्या छातीवर टेकवला.

रविवारी ती थेरगावला गेली. कस्तुराबाईंनी दारातच अडवलं, दोन्ही हात चौकटीला लावून.

"पोरगा सारखा अंगठा दाबत फिरतोय घरात. ती तूच का?"

"मीच."

"मग अशी आत नाही सोडायची. नाव घे."

"काकू, अजून घरच्यांची बोलणीसुद्धा नाही झाली…"

"दत्तोबा पखवाजींची लेक ना तू? तालात घे."

आतून धम्मरत्न बघत होता. वर्षालीनं श्वास घेतला, हात छातीपाशी आणले आणि हातातोंडानं एकदम म्हणाली—

"कमरेला पट्टा, पट्ट्यात बारीक तार,"

पुढं आवाज थांबला. नावाच्या जागी दोन बोटं भुवईवर टेकली, नुसती टेकली. आणि मग,

"…चं नाव घेते, उघडा आता दार."

कस्तुराबाईंनी पदर डोळ्याला लावला. "ह्याच्या नावाचा उखाणा कोणी घेईल असं मला कधी वाटलं नव्हतं गं," म्हणाल्या, आणि चौकटीवरचे हात सोडले.

दत्तोबा लग्नाचं अजून काही बोललेले नाहीत. पण परवा त्यांनी पखवाज पुढ्यात ठेवला, धम्मरत्नचा तळवा त्याच्या कातड्याच्या पुडीवर टेकवला, आणि धुमाळीचा ठेका वाजवला. पोरगं डोळे मिटून बसलं होतं. म्हणजे होईल, सगळं होईल.

एवढीच गोष्ट. आता एक मागणं आहे, ते घरी न्या. उद्या रस्त्यावर कोणी पुढं मधोमध चालत असेल, तुम्ही हॉर्न दिलात, पुन्हा दिलात आणि तो वळलाच नाही, तर शिवी ओठांवर यायच्या आत आमच्या धम्मरत्नची आठवण काढा. गाडी जरा हळू करा, पुढं जा, आणि त्याच्या समोर येऊन हसा.