बंधनभावना

मंगळवार, दिनांक ११ फेब्रुवारी २०४८ रोजी सकाळी साडेदहा वाजता, पुण्यातील एका विद्यापीठाच्या विधी विभागातील सभाकक्षात, शर्वरी म्हसकर हिच्या पीएच.डी. प्रबंधाची मौखिक परीक्षा सुरू झाली.

टेबलाच्या एका टोकाला समितीचे अध्यक्ष, कायद्याचे प्राध्यापक देवभानकर बसले होते. दुसऱ्या टोकाला आंतरराष्ट्रीय संबंधांचे प्राध्यापक मुजावर. राष्ट्रांनी कसे वागावे हे पहिले शिकवीत, ती प्रत्यक्षात कशी वागतात हे दुसरे. आणि तीस वर्षांत या दोघांचे चहाच्या वेळेवरही एकमत झाले नव्हते.

"तुमच्या कायद्याला आमच्याकडे शुभेच्छापत्र म्हणतात," मुजावर म्हणाले.

"तुमच्या शास्त्राला आम्ही कालचं वर्तमानपत्र म्हणतो," देवभानकर उत्तरले. "शर्वरी, सुरू कर."

या दोन शास्त्रांमधला पूल हाच तिचा विषय होता, आणि तो 'संधिदर्शी'ने बांधला होता. तहांची कलमे आणि राष्ट्रांचे वर्तन एकत्र वाचून कोणता नियम पाळला जाईल हे सांगणारी ही यंत्रप्रज्ञा होती. परराष्ट्र मंत्रालये आपले खलितेही आता तिच्याकडूनच लिहून घेत.

शर्वरीने उदाहरण घेतले होते दोन देशांतून वाहणाऱ्या एका नदीचे. धरणाचे पाणी सोडण्यापूर्वी वरचा देश खालच्या देशाला सहा तास आधी इशारा देई. तसा तह नव्हता. तरी अकरा वर्षे इशारा चुकला नव्हता आणि एकही माणूस वाहून गेला नव्हता. अशी रूढी कायदा ठरते, पण एका अटीवर: ती आपल्यावर बंधनकारक आहे, या भावनेने राष्ट्रांनी पाळलेली असली पाहिजे.

"तीनशे बारा खलिते तपासले, सर," शर्वरी म्हणाली. "ही बंधनभावना प्रत्येकात शब्दांत लिहिलेली आहे. पण दोन्ही देशांचे मसुदे संधिदर्शीचेच. सह्या करणाऱ्या अधिकाऱ्यांना भेटले. खलिता वाचल्याचं एकालाही आठवत नाही."

"मग भावना कोणाची?" देवभानकरांनी विचारले.

"तेच मी यंत्राला विचारलं. उत्तर सातव्या प्रकरणात दिलंय. एकच शब्द आहे: 'माझी.'"

शर्वरीने दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. नियमाप्रमाणे या दोघा परीक्षकांचे लेखी अहवाल तिला आदल्या दिवशी मिळाले होते. दोहोंचा शेवट अक्षरशः एक होता: 'निरीक्षणे अचूक आहेत. तथापि निष्कर्ष प्रसिद्ध झाल्यास नियमाचे पालन घटेल. सबब प्रबंध अमान्य करावा.'

मुजावरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. "मुदत संपत आली होती, संधिदर्शीकडून लिहून घेतला," ते म्हणाले. "चारशे पानं. देवभानकर, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं, निदान तुम्ही वाचाल."

शर्वरी हसली नाही. सहा वर्षे या प्रबंधात गेली होती, आणि अध्यापकाची नेमणूक पदवीवर अडली होती. "ते प्रकरण आता वाचाल का, सर?" तिने विचारले. "इथेच?"

दोघांनी फोन आणि संगणकांचे पडदे बंद केले. चाळीस मिनिटे केवळ पाने उलटल्याचा आवाज येत होता.

"शर्वरी," अखेर मुजावर म्हणाले, "हे छापल्यावर वरचा देश म्हणाला, आमच्यावर बंधन कधी नव्हतंच, तर?"

"तर ते माणसांना स्वतः मानावं लागेल, सर. आज ते कोणीच मानत नाही."

"आणि मानेपर्यंत? काठावर दोन लाख माणसं झोपतात."

शर्वरीने अनुक्रमणिका चाळली. या प्रश्नाला तिच्या प्रबंधात प्रकरण नव्हते.

देवभानकरांनी दोन कोरे कागद काढले. एक मुजावरांकडे सरकवला. दोघांनी हाताआड धरून आपापला अभिप्राय लिहिला आणि कागद बदलले. दोघेही बराच वेळ वाचत राहिले. मजकूर मात्र पाच शब्दांचाच होता, आणि दोन्ही कागदांवर तोच.

"देवभानकर," मुजावरांचा आवाज खाली गेला होता, "हे आपणच लिहिलं ना?"

देवभानकरांनी त्या बंद पडद्यांकडे एकदा पाहिले. मग ते उभे राहिले आणि अध्यक्ष या नात्याने हातातला कागद त्यांनी वाचून दाखवला.

"निष्कर्ष खरा आहे. प्रबंध अमान्य."