पाहुणा हात

एका बुधवारी गिटारच्या सरांचा डावा हात गेला, तो पुन्हा आला नाही.

तसं काही झालेलं नाही. हात जागेवर आहे, पाचही बोटं मोजून घ्या, नखंसुद्धा कापलेली आहेत. संगीतशाळेच्या तीन नंबरच्या खोलीत बुधवारचा तास नेहमीसारखा साडेचारलाच सुरू होतो. तेव्हा वरचं वाक्य वाचलंच नाही असं समजा आणि पुढे चला.

खोली दुसऱ्या मजल्यावर आहे. दोन खुर्च्या, एक फळा, एक खिडकी. खिडकीखाली सायकल दुरुस्तीचं दुकान, त्यामुळे तासभर पंपाची फुसफुस ऐकू येते. सर म्हणायचे, ठेका धरायला फुकटात माणूस मिळालाय. गिटार वाजवताना डावा पाय उंचावर ठेवावा लागतो. त्यासाठी छोटं स्टूल लागतं, आणि ते नव्हतं. त्याऐवजी कापडात गुंडाळलेली वीट होती. स्टुलासाठी सरांनी तीन वर्षांत अकरा वेळा विनंती केली होती.

शाळेत कसलीही मागणी तोंडी चालत नसे. खालच्या मजल्यावर एक विनंती वही होती. तिच्यात 'महोदय' असं लिहून सुरुवात करायची, 'ही नम्र विनंती' लिहून संपवायची आणि सही ठोकायची. कारकून त्यावर 'पाहिले' असा शिक्का मारत. पुढे काहीही होत नसे. वही सुरू झाल्यापासून तिच्यातली एकही विनंती मंजूर झालेली नव्हती, म्हणून सगळे त्या कारकुनांना पाहिलेसाहेब म्हणत. त्यांना याचा अभिमान होता.

आता सरांच्या युक्तीबद्दल. नवं मूल गिटारची मान केरसुणी धरल्यासारखी धरतं. अंगठा वरून डोकावतो, तळवा लाकडाला चिकटतो, मनगट मोडून पडतं. 'अंगठा मागे, बोटं कमानीत' असं शंभरदा सांगा, पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून सर सांगायचे, "हा हात तुझा नाहीच असं समज. हा पाहुणा आहे. पाहुण्याला कुणी दामटून बसवतं का? त्याला ऐसपैस बसू दे." आणि काय आश्चर्य, मुलं हात सैल सोडायची. अंगठा आपोआप मागे जायचा, बोटांची टोकं तारेवर उभी राहायची.

तास संपला की दोन्ही हात झटकून सगळ्यांनी मोठ्याने म्हणायचं, "पाहुणा गेला, हात आपला!" हेही सरांनीच ठरवलेलं. का ठरवलं, ते त्यांना सांगता आलं नसतं. गोष्ट सुरू केली की संपवावी, एवढंच.

खिडकीताई आठ वर्षांची होती. समोरचे दोन दात पडलेले, म्हणून सरांनी ठेवलेलं हे नाव. पहिल्याच तासाला तिने विचारलं, "पाहुणा किती दिवस राहणार?"

"तासभर."

"आमच्याकडे आत्या तासभर म्हणून आली होती. ती अजून आहे."

सर हसले. त्यांनी तिच्या हाताखाली स्वतःचा हात धरला, मनगट जरासं पुढे काढलं, अंगठा मधल्या बोटाच्या समोर आणला. पाच-सात मिनिटांत हात सुरेख बसला. साडेपाचला पाच मिनिटं कमी असताना दारात पाहिलेसाहेब उभे राहिले.

"सर, स्टुलाचं काम आहे. खाली या."

सर दोन-दोन पायऱ्या उतरत खाली गेले. काम असं होतं की, अकराव्या विनंतीवर शिक्का उलटा पडला होता. तो सुलटा मारायचा तर अर्जदाराची संमती लागते. सरांनी संमती दिली. वर येईपर्यंत खिडकीताई आईबरोबर निघून गेली होती. गिटार खुर्चीवर नीट ठेवलेली होती. हात झटकायचे राहिले, हे सरांच्या लक्षातही आलं नाही.

पुढच्या बुधवारी आईने सरांना जिन्यातच गाठलं.

"सर, तुम्ही हिला नक्की काय शिकवलंत?"

"का, काय झालं?"

"आठ दिवसांत हिने डावं बोट नाकात घातलेलं नाही. मला आधी आनंदच झाला." आईने मुलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पण बुटाची नाडी बांधता येत नाही. एकच हात बांधतो, दुसरा बघत बसतो. काल शिंक आली. शिंक आली की दोन्ही हात तोंडावर जातात की नाही आपले? हिचा एकच गेला."

"दुसरा?"

"टेबलाच्या कडेवर होता. असा." आईने हवेत बोटांची कमान करून दाखवली. अंगठा मागे, मधल्या बोटाच्या बरोबर समोर.

"मुलं नाटकी असतात हो," सर म्हणाले. "आज बघतो मी."

खिडकीताई खुर्चीवर बसली, विटेवर पाय ठेवला. सरांनी गिटार तिच्या मांडीवर दिली. ते काही बोलायच्या आत तिचा डावा हात वर आला आणि गिटारच्या मानेवर जाऊन बसला. तळव्याला लाकडाचा स्पर्श नाही. मनगट सरळ. चारही टोकं धातूच्या पट्ट्यांच्या अगदी मागे. सरांनी वीस वर्षं शिकवलं होतं, पण इतका बिनचूक बसलेला हात त्यांनी पाहिला नव्हता. स्वतःचासुद्धा नाही.

मग बोटं पसरली. चार बोटांत सहा पट्ट्या. आठ वर्षांच्या पंजाचा एवढा आवाकाच नसतो.

"दुखतंय का गं?"

"माहीत नाही. मला तिकडचं कळत नाही."

"तिकडचं म्हणजे?"

"पाहुण्याकडचं."

सरांनी तिचं पहिलं बोट चिमटीत धरून पाहिलं. टोक कडक होतं, तारेची खाच खोल पडलेली. असं बोट व्हायला दहा वर्षं घासावं लागतं. सरांचं होतं तसं. तिच्याकडे घरी गिटार नव्हती.

"अगं, ती आपली गंमत होती. पाहुणा वगैरे कुणी नसतं."

"तुम्ही त्याला जा म्हणालाच नाहीत, सर. बाकीच्यांच्या पाहुण्यांना म्हणता." तिच्या आवाजात तक्रार होती. आपल्यालाच खाऊ मिळाला नाही, अशी. "तो वाट बघत होता."

सरांनी स्वतःचे हात झटकले आणि मोठ्याने म्हटलं, "पाहुणा गेला, हात आपला!"

काही झालं नाही.

"तूही म्हण."

तिने म्हटलं. उजवा हात झटकला. डावा गिटारवरच राहिला.

खाली पंप थांबला.

तिचा उजवा हात मांडीवर होता, तरीही तार वाजली. बोट जोरात आपटलं की तार नुसत्या त्या आघातानेही वाजते, हे सरांना ठाऊक होतं. त्याला ताकद लागते, हेही ठाऊक होतं. टक. टक टक. डावी बोटं एकेक करून आपटत होती आणि खिडकीताई त्यांच्याकडे मान वाकडी करून बघत होती. कोपऱ्यातून कुणी हळू आवाजात बोलत असेल तर बघतात तशी.

"काय म्हणतोय?" सरांनी विचारलं आणि आपण हे विचारलं याचं त्यांना नवल वाटलं.

"कुठे जाऊ, म्हणतोय."

"आला तिथे."

टक.

"तिथे आता जागा नाही म्हणे." ती जरा थांबली. "सर, सोमवारी मला मनगटापर्यंत कळत नव्हतं. आज कोपरापर्यंत नाही कळत."

तिने हे अगदी सहज सांगितलं. मग खालचा ओठ थरथरला.

सर खुर्ची सोडून तिच्यासमोर गुडघ्यावर बसले. नेहमी धरायचे तसा त्यांनी आपला डावा हात तिच्या हाताखाली धरला. पालकांशी बोलायचा त्यांचा एक खास आवाज होता. त्याच आवाजात ते म्हणाले, "असं करा, तुम्ही माझ्याकडे या. इथे जागा मोठी आहे. लहान मुलीच्या घरी दाटीवाटी कशाला?"

टकटक थांबली.

पहिलं बोट सुटलं. मग दुसरं. करंगळी सगळ्यात शेवटी.

तिचा हात धपकन मांडीवर पडला.

"आई गं, मुंग्या!" ती ओरडली आणि दुसऱ्याच क्षणी डावं बोट नाकात गेलं. कुणाच्या नाकातल्या बोटाकडे पाहून सर आयुष्यात एवढे निवांत झाले नव्हते. दोघांनी मिळून तीनदा म्हटलं, "पाहुणा गेला, हात आपला!" तिने दोन्ही हात झटकले.

सरांनी एकच झटकला.

आई न्यायला आली तेव्हा खिडकीताईने दारात बसून स्वतःच्या हातांनी बुटाची नाडी बांधून दाखवली, वाकडी, पण पक्की. आई रडली. सर हसले. त्यांचा डावा हात खिशात होता. खिशाच्या कापडाला आतून कमानीचा आकार आला होता.

ती गेल्यावर त्यांनी उजव्या हाताने विनंती वही उघडली. 'महोदय, वर्ग क्रमांक तीन तूर्त बंद ठेवावा, मुलांना आत पाठवू नये, ही नम्र विनंती.' पाहिलेसाहेबांनी शिक्का मारला. सर घरी गेले. वही रात्रभर कपाटात होती आणि चावी पाहिलेसाहेबांच्या खिशात.

गुरुवारी सकाळी पाहिलेसाहेबांनी त्यांना हाक मारली.

"सर, कालची पहिली विनंती तर मंजूर होणार नाही. नवीन बॅच आजच तिथे सतरंजी टाकून बसवलीय, बारा मुलं. आणि लागोपाठ दोन विनंत्या? तुमचा उत्साह दांडगा आहे. पण दुसरीखाली सही नाही. अक्षर मात्र छान, डावीकडे झुकलेलं, डाव्या हाताने लिहिल्यासारखं."

सरांनी खिशातून डावा हात काढला. अंगठा आणि पहिलं बोट शाईने निळं झालं होतं.

पाहिलेसाहेबांनी शिक्का आधीच मारलेला होता. या खेपेला सुलटा. त्याच्या वर लिहिलं होतं:

'महोदय, स्टुलाची मागणी रद्द समजावी. डाव्या हाताची सोय उत्तम झाली, त्याबद्दल आभारी आहोत. तथापि वाजवण्यास दोन हात लागतात, आणि आम्ही पाहुणेही दोघे आहोत. तरी एका उजव्या हाताचीही सोय लवकरात लवकर व्हावी. लहान असला तरी चालेल. ही नम्र विनंती.'