भातुकलीतला राउटर

"संध्याकाळपर्यंत मला नाव हवंय," हॉस्पिटलचे संचालक फोनवर म्हणाले. "तसं नाव ठरलेलंच आहे. तुम्ही फक्त शिक्कामोर्तब करा."

असल्या शिक्कामोर्तबाची तपासनीस बाईंना चीड होती. तरी त्या गेल्या. हॉस्पिटलचं नेटवर्क सांभाळणारे सर त्यांचे गुरू. राउटर म्हणजे काय इथपासून बाई त्यांच्याकडेच शिकल्या होत्या.

आदल्या दिवशी सकाळी तिथले सगळे संगणक एकमेकांशी बोलेनासे झाले. एक रुग्ण भूल घेऊन टेबलावर, आणि त्याच्या रक्ताचा रिपोर्ट दोन मजले खाली अडकलेला. नर्स कागद घेऊन जिना चढत धावली, म्हणून निभावलं. जेवणाच्या सुट्टीत सगळं आपोआप सुरू झालं. सुट्टीनंतर पुन्हा बंद. मग दुपारी कुणी काही न करता पुन्हा सुरू.

खापर फुटलं विभागातल्या सर्वांत लहान इंजिनियर मुलीवर. तिला सगळे धाकटी म्हणत. तिनं हॉस्पिटलच्या अख्ख्या नेटवर्कची नक्कल एका सॉफ्टवेअरमध्ये उभी केली होती: तेच राउटर, तेच पत्ते, पण सगळं संगणकाच्या आत. तिथं कितीही चुका केल्या तरी बाहेर कुणाचं काही बिघडत नाही. निदान बिघडू नये.

बाईंनी आधी खरा राउटर तपासला. त्याला कुणी हात लावलेला नव्हता. त्याची तक्रार एकच होती: माझाच पत्ता दुसरं कुणीतरी वापरतंय.

म्हणजे तोतया! राउटरचा तोतया, आणि संगणकांचे निरोप त्याच्याकडे जाऊन हरवत होते.

धाकटीचे डोळे सुजले होते.

"नक्कल काल चालू होती?"

"हो मॅडम. दिवसभर."

"जेवायला गेलीस तेव्हा?"

"मी इथंच जेवते. डबा खाताखाता काम चालूच असतं."

"बाहेरच्या वायरीला जोडली होतीस?"

"नाही. हे ढगाचं चित्र बघा. त्याची रेघ जोडलेली असली की नक्कल खऱ्या वायरीवर येते. ती मी आधी तोडते. सगळ्यांना शिकण्यासाठी या नकलेची फाइल दिली तेव्हा वर्गही घेतला होता. त्यात शेवटी हेच बजावलं."

"सगळे होते वर्गाला?"

"सर मधेच उठले. म्हणाले, भातुकली खेळायचं माझं वय गेलं."

"हे तू संचालकांना का नाही सांगितलंस?"

धाकटीनं मान खाली घातली. कानापर्यंत लाल झाली. अशी खाली गेलेली मान बाईंनी पुष्कळदा पाहिली होती, आणि बहुतेक वेळा ती गुन्हेगाराची असे.

सरांनी मात्र तोंडभरून स्वागत केलं. "ये, ये! अगं, किती वर्षांनी!"

"सर, तुम्हाला काय वाटतं?"

"वाटायचंय काय? पोरीनं भातुकली मांडली, ती घरभर पसरली. ढगाची रेघ तोडायची राहिली असेल."

"तुम्ही बघितली होती तिची फाइल?"

"छे! उघडलीसुद्धा नाही."

"अजून जेवायला घरीच जाता?"

"मागच्याच गल्लीत तर घर. लॅपटॉप बगलेत मारायचा नि निघायचं."

सरांच्या कपाळावर घाम होता. टेबलफॅनचं तोंड मात्र लॅपटॉपकडे होतं. लॅपटॉप दोन जाड पुस्तकांवर उचलून ठेवलेला. नेटवर्कची वायर उपटून टेबलामागे टाकलेली. वायरीशिवायच्या इंटरनेटला सरांनी जन्मभर नाकं मुरडली होती.

बाईंना सगळं कळलं. न कळतं तर बरं झालं असतं, असं वाटलं. त्यांनी धाकटीला आत बोलावून दार लावलं.

"सर, हिची नक्कल सुट्टीतही चालू होती. ती दोषी असती, तर सुट्टीत नेटवर्क सुरू झालंच नसतं. सुट्टीत बंद झालं ते दुसरंच यंत्र, जे बगलेत मारून घरी गेलं. एवढे राउटर पोटात घेऊन चालणारा लॅपटॉप तव्यासारखा तापतो. म्हणून खाली पुस्तकं, म्हणून पंखा. मेल वाचणाऱ्याला हे सोपस्कार लागत नाहीत. वायरही तुम्ही उपटलीत, नक्कल पुन्हा बाहेर जाऊ नये म्हणून. आणि फाइल उघडली नाहीत, वर्गातून उठून गेलात, तर ढगाची रेघ तुम्हाला कुणी सांगितली?"

सर खुर्चीत खचले.

"नवे राउटर यायचेत. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही," ते अगदी हळू म्हणाले. "जिला मी कामाला लावली, तिच्यासमोर वही उघडून बसायचं? म्हटलं, दार लावून गुपचूप शिकावं. खरंच कळलं नाही गं, माझ्यामुळे बंद पडतंय ते."

"दुसऱ्यांदाही?"

"दुसऱ्यांदा लॅपटॉप मिटला, आणि बाहेर 'आलं, आलं' असा ओरडा झाला. तेव्हा कळलं."

"मग हिचं नाव कसं पुढे गेलं?"

"संचालकांनीच विचारलं, ती असेल का. मी..." सरांनी घाम पुसला. "मी नाही म्हणालो नाही."

बाईंना त्यांच्याकडे बघवेना. याच माणसानं त्यांना पहिल्या दिवशी शिकवलं होतं की चूक आपली असेल तर आधी हात वर करायचा.

"मला कालच कळलं होतं, सर," धाकटी म्हणाली. "नेटवर्क बंद असताना मी तोतया कुठल्या वायरीवर आहे ते शोधलं. तुमच्या खोलीची वायर निघाली."

ती खूण काही मिनिटांतच पुसली जाते. म्हणून बाईंना ती मिळाली नव्हती.

"मग बोलली का नाहीस?" सरांचा आवाज चिरकला. "नोकरी जात होती तुझी!"

"सगळ्यांसमोर तुमचं नाव कसं घेऊ? माझीच जीभ रेटेना. आणि वाटलं, तुम्ही सांगाल. कालपासून वाट बघतेय."

जमीन दुभंगली असती तर सर आनंदानं तिच्या पोटात गेले असते. मग त्यांनी फोन ओढला आणि संचालकांचा नंबर लावला.

"हॅलो, मी बोलतोय," सर म्हणाले, आणि पुढचे शब्द त्यांच्या तोंडून फुटेनात.

धाकटी पाठ फिरवून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, त्यांना बोलता यावं म्हणून.