शैलेंद्रची ड्रम्सची कॅसेट

विश्वास ठेवा म्हणून मी कुणाच्या पाया पडणार नाही. पण माझ्या उल्हासमामाला थापा मारता येत नाहीत. मारायला गेला की त्याचे कान लाल होतात. हे सांगताना त्याचे कान पांढरे पडले होते, ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

१९ जून २००९, शुक्रवार. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातलं एक गोडाऊन.

वेळ दुपारी दोनची. हो, दुपारची! रात्र, अमावस्या असलं काही नव्हतं. बाहेर शेहेचाळीस डिग्री, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

गोडाऊन अनिलचं. त्याचा केटरिंगचा धंदा. शुक्रवारी, तिकडच्या सुट्टीच्या दिवशी, तिथे पातेल्यांच्या राशीशेजारी मामाचा बँड प्रॅक्टिस करायचा. चाळिशी उलटलेले चार पुणेकर. मामा गिटारवर, अनिल कीबोर्डवर, सत्यजित गाणारा आणि शैलेंद्र ड्रम्सवर.

वाजवायचे काय? तर ऐंशीच्या दशकातल्या गोऱ्या रॉक बँडांची हिट गाणी. कॉलेजात असताना कुणाचा तरी काका गल्फहून कॅसेटी आणायचा, त्यांच्या कॉप्या काढून पाठ केलेली. तिथल्या मराठी मंडळाच्या गॅदरिंगला लोक भावगीतं मागायचे आणि हे चौघं काळे टी-शर्ट घालून स्टेजवर चढायचे. मामी म्हणायची, "आधी पोटं आत घ्या, मग रॉक करा."

शैलेंद्रची एक खोड होती. कुणी चुकलं की तो वाजवणं थांबवायचा आणि ड्रमच्या कडेवर स्टिकनं तीनदा ठोकायचा.

टक... टक... टक.

बोलायचा काही नाही. मग सगळ्यांनी मुकाट्यानं पहिल्यापासून सुरू करायचं.

त्या दिवशी मात्र त्याचा ड्रमसेट कोपऱ्यात चादरीखाली झाकलेला होता.

कारण जानेवारीत मंदीची कुऱ्हाड पडली होती. मामा आणि शैलेंद्र एकाच कंपनीत, मामा सेक्शन हेड. वरून निरोप आला, संध्याकाळपर्यंत तुमच्या सेक्शनमधलं एक नाव द्या. मामानं शैलेंद्रचं नाव लिहिलं. जिवलग मित्राचं! का, तर दुसरा कुणी असता तर भांडला असता. शैलेंद्र कधीच भांडायचा नाही.

हे मामानं कुणालाही सांगितलं नाही. मामीलासुद्धा नाही. उघडं पडलं तर अनिल-सत्यजितला तोंड कसं दाखवायचं, या भीतीनं तो आतल्या आत कुढत होता.

शैलेंद्रचा व्हिसा कॅन्सल झाला. तीस दिवसांत चंबूगबाळं आवरून परत. आणि जाण्याआधी त्या वेड्यानं काय करावं? बँडच्या बाराही गाण्यांचे नुसते ड्रम्स एका कॅसेटवर रेकॉर्ड करून मामाच्या हातात ठेवले.

"उल्ल्या, मी नाही म्हणून बँड बंद करायचा नाही."

मे महिन्यात पुण्यात तो झोपेतच गेला. हार्ट अटॅक.

म्हणून तिघांनी ठरवलं, पुढच्या गॅदरिंगला त्याच्या आठवणीसाठी वाजवायचं. त्याच्याच कॅसेटवर.

"यल्ला, चला, लावा," अनिल म्हणाला. "चारला माझी बिर्याणीची ऑर्डर निघायचीय."

टेप सुरू झाला. आधी स्टिकचे चार ठोके, मग ड्रम्स. पहिलं गाणं झकास झालं. सत्यजितच्या डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या गाण्यात मामाचं बोट घसरलं. एक कॉर्ड चुकली.

आणि... ड्रम्स थांबले.

कॅसेट फिरत होती. तिघं एकमेकांकडे बघत राहिले.

टक... टक... टक.

"रेकॉर्ड करताना थांबला असेल रे," अनिल म्हणाला. त्यानं रिवाइंड केलं, पुन्हा वाजवलं. या वेळी मामा चुकला नाही. ड्रम्स शेवटपर्यंत वाजले. मघाशी थांबले होते, त्या जागीसुद्धा!

सत्यजितला काय दुर्बुद्धी सुचली कुणास ठाऊक. पुढच्या गाण्यात तो मुद्दाम बेसूर गायला. काही झालं नाही. अनिलनं भलतेच सूर दाबले. तरी काही नाही. मग मामाची कॉर्ड चुकली.

ड्रम्स बंद.

टक... टक... टक.

"उल्ल्या, तुझ्यावरच डूख धरलाय त्यानं," सत्यजित म्हणाला. चेष्टेतच म्हणाला, पण मामा गिटार खाली ठेवायला निघाला.

"खलास. आज नको."

"एकच," अनिल हट्टाला पेटला. "ते संथवालं. त्याचं आवडतं."

त्या गाण्यात पहिली दोन मिनिटं नुसती गिटार असते. मग एकदम ड्रम्स कोसळतात. म्हणजे टेपवर दोन मिनिटं शांतता.

मामानं सुरू केलं. गोडाऊनचा एसी घरघरत होता, तो आपोआप बंद पडला.

टेपमधून... खुर्ची कुरकुरली.

मग... श्वास. कुणीतरी आपल्या जागेची वाट बघत बसलं होतं.

ती जागा आली. ड्रम्स आले नाहीत.

मामानं तीच ओळ पुन्हा वाजवली. नाहीत. पुन्हा वाजवली. नाहीत. बोटं सोलवटली, पण थांबायची त्याची छाती होईना.

अनिलनं घाबरून टेपचा प्लगच उपटला. लाल दिवा विझला. कॅसेट थांबली.

श्वास चालूच होता.

"नाव मी दिलं!" मामा ओरडला. "शैल्या, यादीत तुझं नाव मी लिहिलं! तू भांडणार नाहीस हे माहीत होतं म्हणून! माफ कर रे मला..."



आणि मग... स्टिकचे चार ठोके.

ड्रम्स कोसळले. पातेली थडथडली. मामा शपथेवर सांगतो, आवाज टेपमधून नव्हता. कोपऱ्यातून होता. चादर हलत होती.

शटर उचलून तिघं अनवाणीच उन्हात पळाले. तळपाय भाजले, तरी मागे वळून पाहिलं नाही.

बँड तिथेच संपला. सत्यजित मामाशी परत कधी बोलला नाही. अनिलनं आठवड्यानं चार माणसं सोबत घेऊन ती कॅसेट लावून पाहिली. बाराही गाणी पूर्ण होती. कुठेच थांबा नाही.

२०१५ला मामा अबुधाबीत होता, घर अल रीम आयलंडवर. तेलाचे भाव पडले आणि पुन्हा तोच निरोप आला. एक नाव द्या. मामानं एका मल्याळी इंजिनिअरचं नाव लिहिलं.

टक... टक... टक. टेबलाच्या कडेवर.

खोडून दुसरं लिहिलं. पुन्हा तेच.

मग मामानं स्वतःचं नाव लिहिलं आणि कान देऊन बसला. काही आलं नाही.

तो आता पुण्यात असतो. मी विचारलं, "मामा, मग आता सुटलास ना?"

तो म्हणाला, "रोज दुपारी दोनला चार ठोके पडतात रे. आणि मग शांतता. तो थांबलाय. मी कधी सुरू करतोय, याची वाट बघतोय तो. अजून मी गिटार हातात घेतलेली नाही. घेतली की तो मला सोडायचा नाही."

परवा मामीचा फोन आला होता. सहज बोलता बोलता म्हणाली, मामानं माळ्यावरून गिटार खाली काढलीय.