रत्नम्माच्या स्वयंपाकघराचे रंग

उदगिरात घरं रंगवायला लागून मला तीस वर्षं झाली. आधी चुन्यात नीळ कालवायचो, मग हिरवा डिस्टेंपर आला, मग गुलाबी ऑइलपेंट. आता सगळ्यांना राखाडी पाहिजे. गेल्या महिन्यात आनंदराजनं बोलावलं, "जिलानीकाका, स्वयंपाकघर राखाडी करायचंय." नाही म्हणायला कारण सापडलं नाही.

त्या खोलीचे सगळे रंग माझ्याच हातचे. हिरवा त्याच्या आईनं, रत्नम्मानं, निवडला होता. "भाईजान, पोपटी नको. हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखा द्या." पुढच्या वर्षी त्याच खोलीत ती जळून गेली. आनंदराज तेव्हा दोन वर्षांचा. दुसऱ्याच दिवशी तिच्या सासऱ्यानं, वीरण्णानं, मला बोलावलं.

"स्टो भडकला. आजच गुलाबी मार."

भिंतीवर काजळीत हातांचे ठसे होते, थेट दारापर्यंत गेलेले. दाराला आतून कडी नव्हती. बाहेरून होती.

मी काही विचारलं नाही. संध्याकाळपर्यंत गुलाबीचे दोन हात मारून टाकले. नंतर पोलीस जमादारानं विचारलं, "भिंतीवर काही होतं का?"

"न्हाई, साहेब."

आता वीरण्णाही राहिला नाही. भर दुपारी राखाडीचा पहिला हात वाळला, आणि दाराशेजारी पाच बोटं वर आली. काळी. मी घासलं, पुट्टी भरली, दुसरा हात दिला. खोलीत रॉकेलचा वास सुटला... त्या घरात रॉकेल येऊन किती वर्षं झालेली. रंग वाळला. बोटं परत आली.

"काका, ओल हाय का?" आनंदराज मागं उभा होता.

मी ब्रश डब्यात ठेवला. मग सगळं सांगितलं. कडी, ठसे, जमादार. भिंतीकडं बघतच सांगितलं. त्याच्याकडं बघायला तोंड नव्हतं. तो ओरडला असता, मला मारलं असतं, तर बरं झालं असतं. तो नुसता पुढं झाला आणि ठशावर तळहात टेकवला.

"काका..."

"काय रं?"

"गरम लागायलंय... आन् हात धरलाय कुणीतरी."

त्यानं हात ओढून घेतला नाही. "अव्वा..." तो भिंतीला म्हणाला, लहान लेकरानं आईला हाक मारावी तसा.

तेवढ्यात शेजारी दुसरा ठसा उमटायला लागला. माझ्या बाजूला. बोटं एकेक करून उघडली आणि तशीच थांबली.

मला हात पुढं करायची लाज वाटली.

ती बोटं अजून उघडीच आहेत.